बॅटरीवरचे ग्रास कटर: घेण्याआधी करायचा हिशेब

श्रावण सरत आला की कोकणातल्या घरांना एकच घाई लागते, गणपतीआधी घराभोवतालचे गवत काढायचे. अंगणाच्या कडा, विहिरीची वाट, गडग्याचा पायथा, सगळीकडे गवत गुडघ्याच्या वर गेलेले असते. त्यात साप-किरडू दिसत नाही आणि मुंबई-पुण्याहून माणसे पोहोचायच्या आत ते साफ व्हावे लागते. खांद्याला ग्रास कटर लावून फिरणारे गडी नेमके याच पंधरवड्यात मिळत नाहीत, आणि मिळाले तर ते सांगतील तो दर. म्हणून बॅटरीवरची कटर आता तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानांतही दिसू लागली आहेत आणि ऑनलाइन तर त्यांचा नुसता पाऊस आहे. पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत मेंदीचे कुंपण छाटायला, आंब्याची-पेरूची फांदी कापायला हीच यंत्रे वापरात येत आहेत.

या यंत्रांची सोय खरी आहे. पेट्रोलच्या टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोल आणि ऑइल मापून मिसळावे लागते, सुरू करताना दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, आणि पावसाळ्यानंतर तसेच ठेवून दिले तर आतले पेट्रोल चिकट होऊन पुढच्या जूनमध्ये कार्बोरेटर चोंदतो. मग मेकॅनिककडे फेरी आली. बॅटरीच्या यंत्रात यातले काही नाही. बटण दाबले की फिरते, सोडले की थांबते. वजन हलके असल्याने घरातली साठीची बाईही ते अर्धा तास सहज चालवते. आवाजही कमी, त्यामुळे शेजारच्या घरात कोणी आजारी असेल, दुपारी बाळ झोपले असेल, तरी काम करता येते. माझ्या मते एवढ्यासाठी काही पैसे जास्त मोजणे योग्यच आहे. प्रश्न इतकाच, की ते पैसे नेमके कशाचे मोजायचे.

उत्तर आहे बॅटरीचे. कटर, कुंपण छाटायचे ट्रिमर, फांद्यांची छोटी चेनसॉ, पाला उडवायचा ब्लोअर, यांतल्या मोटरी आणि दांडे वर्षानुवर्षे टिकतात. झिजते, मरते आणि पुन्हा विकत घ्यावी लागते ती बॅटरी. चांगल्या कंपनीच्या संचात दोन बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत मूळ यंत्राच्या दुप्पट-अडीचपट निघते. म्हणून दुकानात गेल्यावर यंत्र हातात घेण्याआधी बॅटरी हातात घ्या.

अठ्ठ्याऐंशी व्होल्टचे गौडबंगाल

दुकानदार बॅटरी पुढे ठेवतो आणि म्हणतो, "काका, ही बघा, अठ्ठ्याऐंशी व्होल्टची. ती कंपनीची आहे ती नुसती अठराची. आणि किंमत बघा, निम्मी!" खोक्यावरही मोठ्या अक्षरात ८८ छापलेले असते. कुठे ४८, कुठे १२८.

या बॅटऱ्यांच्या आत लिथियम-आयनचे छोटे सेल असतात. असा प्रत्येक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण चार्ज केल्यावर ४.२ व्होल्टचा. पाच सेल एकापुढे एक जोडले की सरासरी १८ आणि पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होतात. त्यामुळे एका कंपनीची '१८ व्होल्ट', दुसरीची '२० व्होल्ट मॅक्स' आणि तिसरीची '२१ व्होल्ट' या तिन्ही एकाच ताकदीच्या बॅटऱ्या आहेत, फक्त मोजणी वेगळ्या क्षणी केलेली आहे. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट, म्हणजेच '४० व्होल्ट मॅक्स'. खरोखरचे ८८ व्होल्ट हवे असतील तर एकवीस सेल एकापुढे एक जोडावे लागतील. हाताच्या मुठीएवढ्या बॅटरीत ते मावत नाहीत. अशा स्वस्त बॅटऱ्या उघडल्या की बहुधा आत पाच सेलच निघतात. आकडा लेबलवर छापायला खर्च येत नाही.

खरे मोल कळते ते व्होल्टला अँपिअर-अवरने गुणल्यावर. अँपिअर-अवरला दुकानात 'एएच' म्हणतात. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॅट-अवर. १८ गुणिले २ म्हणजे ३६. पहिल्या बॅटरीत दुसरीच्या अडीचपट काम भरलेले आहे. दोन संचांची तुलना करायची असेल तर किमतीला या वॅट-अवरने भागा, म्हणजे कोण महाग आणि कोण स्वस्त ते लगेच समोर येते.

पण लेबलवर एएचही खोटे छापता येते, आणि ते ओळखायला घरातला किंवा वाण्याकडचा तराजू पुरतो. या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा वापरतात तो सेल बोटाएवढा, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचे वजन ४५ ते ४८ ग्रॅम, आणि त्यात भरून भरून साडेतीन एएच मावतात, जास्त नाही. म्हणून १८ व्होल्ट आणि ५ एएच हवे तर असे दहा सेल लागतात, पाच-पाचच्या दोन ओळी. नुसत्या सेलचे वजनच पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास जाते, वर प्लास्टिकचे कवच आणि सर्किट. त्यामुळे अशा खऱ्या बॅटरीचे वजन सहाशे ग्रॅमच्या पुढेच भरते. काही नव्या बॅटऱ्यांत २१ मिलिमीटरचे जाड सेल असतात. ते एकेक सत्तर ग्रॅमचे, म्हणून पाच सेलचीही बॅटरी पाचशे ग्रॅमच्या आसपास जाते. आता लेबलवर '५ एएच' किंवा त्याहून मोठे काही लिहिलेली बॅटरी तराजूवर साडेतीनशे ग्रॅम भरली, तर ती पाच बारीक सेलची आहे. तिच्यात बहुधा दीड-दोन एएचच असतील. दुकानदाराशी वाद घालत बसू नका, वजन बघा आणि ठेवून द्या.

एक चार्ज केवढ्याला पडतो

जाहिरात सांगते की पेट्रोलपुढे वीज जवळजवळ फुकट. विजेपुरते ते बरोबर आहे. ९० वॅट-अवरची बॅटरी भरायला, चार्जरमधली गळती धरून, साधारण ०.११ युनिट वीज लागते. घरगुती वीज सगळे आकार धरून दहा-बारा रुपये युनिट पडते असे मानले, तर एक चार्ज सव्वा रुपयाच्या आसपास.

पण बॅटरी प्रत्येक चार्जला थोडी झिजते. लिथियमची चांगली बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज चालते, त्यानंतर तिची वीज धरून ठेवण्याची शक्ती उतरत जाते. आठ हजारांची बॅटरी चारशे चार्ज चालली तर एका चार्जमागे वीस रुपयांची बॅटरी संपते. सव्वा रुपयाची वीज आणि वीस रुपयांची झीज, हा खरा खर्च आहे, आणि तो बिलात दिसत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. बॅटरी वापरली नाही तरी वयाने म्हातारी होते. वर्षाला फक्त वीस वेळा चार्ज केली आणि सहा वर्षांनी वयामुळेच निकामी झाली, तर एकशेवीस चार्ज मिळाले, म्हणजे चार्जमागे सदुसष्ट रुपये. वर्षातून चार वेळा गवत कापायला महागडी बॅटरी घेणे म्हणूनच अंगावर येते. हीच बॅटरी कुंपण, फांद्या आणि घरातल्या ड्रिल मशीनलाही लावली, तर तेच पैसे तीन-चार कामांत वाटले जातात.

पेट्रोलशी तुलना करून पाहू. टू-स्ट्रोक कटर तासाला साधारण पाऊण-एक लिटर पितो. लिटर शंभराच्या पुढे आणि वर ऑइल धरले की तासाला नव्वद ते एकशेवीस रुपये. १८ व्होल्टच्या कटरला तासाभराच्या सलग कामाला ५ एएचचे तीन चार्ज लागतात, म्हणजे वीज आणि झीज मिळून साठ-पासष्ट रुपये. स्वस्त वाटते, पण पेट्रोलच्या यंत्रात एक ते दीड हजार वॅटची ताकद असते आणि या हलक्या कटरात तीनशेच्या आसपास. दाट गवतात तासाभरात पेट्रोलचे यंत्र बरेच जास्त क्षेत्र उरकते. गुंठ्याच्या हिशेबाने दोघांचा खर्च जवळपास सारखाच येतो. तेव्हा पैसे वाचतील म्हणून बॅटरीचे यंत्र घेऊ नका. शांतपणा, हलकेपणा आणि 'हवे तेव्हा सुरू' यासाठी घ्या.

कुठल्या यंत्राला किती बॅटरी लागते

खोक्यावर लिहिलेला '६० मिनिटे' हा आकडा बहुधा सर्वात कमी वेगाचा आणि हवेत फिरवल्याचा असतो. गुडघाभर गवतात नायलॉनची दोरी फिरवणारा कटर ५ एएचच्या बॅटरीवर अठरा ते पंचवीस मिनिटे चालतो. तेवढ्यात साधारण गुंठाभर जागा, म्हणजे हजार-अकराशे चौरस फूट, निघते. ओले गवत, लव्हाळे किंवा जाड काडी असेल तर त्याहून कमी. पाच गुंठ्यांच्या परसाला पाच चार्ज धरा. दोन बॅटऱ्या आणि पाऊण तासात भरणारा फास्ट चार्जर असेल तर सकाळ-संध्याकाळ मिळून एका दिवसात काम होते. संचासोबत येणारा साधा पिनेचा चार्जर तीन-तीन, चार-चार तास घेतो आणि तेच काम दोन दिवसांवर जाते. पावसात वीज जाते हे विसरू नका. बॅटऱ्या आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बऱ्या.

मेंदी-डुरांटाचे कुंपण छाटायच्या ट्रिमरला फारच कमी वीज लागते. त्याच बॅटरीवर तो तासभर सहज चालतो, सोसायटीच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचे कुंपण एका दमात होते. बॅटरीच्या यंत्रांत पैसे सर्वात चोख वसूल होतात ते इथे, असे मला वाटते. हाताच्या मोठ्या कात्रीने ज्या कामाला माणूस अर्धा दिवस घेतो, ते तासावर येते आणि मनगट दुखत नाही.

ब्लोअरचे उलटे आहे. पूर्ण वेगाने तो ५ एएचची बॅटरी पाव तासात रिकामी करतो. अंगणातला पाला गोळा करायला खराटा आहे. ब्लोअर घ्यायचाच तर खडीवरचा आणि पागोळीतला पाला काढायला घ्या.

चार-सहा इंची छोट्या चेनसॉने तीन-चार इंच जाडीची फांदी, वाळलेली झावळी, पडलेली पोफळ चटकन कापली जाते. ऑनलाइन त्या दोन-तीन हजारांपासून मिळतात. पण बहुतेक स्वस्त यंत्रांत साखळीला आपोआप तेल सुटत नाही, दर काही मिनिटांनी थांबून हाताने थेंब सोडावे लागतात, नाहीतर साखळी आणि पट्टी दोन्ही तापून झिजतात. सुटी साखळी दीडशे-तीनशे रुपयांची, ती दोनतरी जवळ ठेवा. हे यंत्र एका हाताने धरता येते हाच त्याचा धोका आहे. दुसऱ्या हाताने फांदी धरायचा मोह होतो आणि साखळी उसळली तर त्याच हातावर येते. शिडीवर चढून ते चालवू नका. शहरात राहत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. झाड तुमच्या आवारातले असले तरी त्याच्या फांद्या तोडायला महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांसाठी बॅटरीचा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आला आहे. खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या छाटणीला दिवसभर कात्री दाबून मजुरांची बोटे आखडतात, ते यात टळते. किमती पाच-सात हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत पसरलेल्या आहेत. स्वस्तातला घेताना एकच पाहा, पाते सुटे मिळते का. पाते मिळत नसेल तर एका हंगामात यंत्र अडगळीत जाईल.

गड्याचा दर की स्वतःचे यंत्र

पाच गुंठ्यांच्या घराचा हिशेब मांडू. वर्षातून चारदा गवत काढायचे. जुलैत एकदा, गणपतीआधी, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वणव्याची भीती असते म्हणून एकदा. गडी स्वतःचे यंत्र आणि पेट्रोल घेऊन येतो आणि एका खेपेचे बाराशे ते पंधराशे घेतो असे धरले, तर वर्षाला पाच-सहा हजार, पाच वर्षांत पंचवीस-तीस हजार. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो इथे घाला.

नावाजलेल्या कंपनीचा कटर नुसता आठ हजारांच्या आसपास. ५ एएचच्या दोन बॅटऱ्या सोळा हजार, फास्ट चार्जर चार हजार, पाच वर्षांची नायलॉन दोरी अडीच हजार. झाले तीस हजार. म्हणजे गड्याला दिले असते तेवढेच, आणि मेहनत आपली. फक्त गवतासाठी हा संच घेणे पैशाच्या हिशेबाने जमत नाही. त्याच बॅटऱ्यांवर कुंपणाचा ट्रिमर आणि ड्रिल घेतले तरच तो परवडू लागतो.

मधल्या किमतीच्या कंपन्यांचा संच घ्या. कटर चार हजार, ४ एएचच्या दोन बॅटऱ्या सहा हजार, चार्जर दीड हजार, पाच वर्षांत एक बॅटरी बदलायला तीन हजार, दोरी अडीच हजार. सतरा हजारांत भागते आणि आठ ते तेरा हजार वाचतात. साध्या घरगुती परसासाठी मी हाच मार्ग सुचवेन, अट एकच, की त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र तुमच्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात हवे.

ऑनलाइन अडीच-तीन हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या संचाचे काय? घरासमोरच्या दहा बाय पंधराच्या हिरवळीच्या कडा कापायला तो चालेल. त्याला नायलॉन दोरीऐवजी प्लास्टिकची छोटी पाती असतात, ती दगडाला लागली की तुटतात. बॅटरी गेली की तिच्या जागी बसणारी दुसरी मिळेल याची खात्री नसते. पाच गुंठ्यांना तो घेऊ नका. हे सगळे आकडे साधारण आहेत, सणासुदीच्या सवलतीत ते खाली येतात. तेव्हा घाई नसेल तर दसऱ्यापर्यंत थांबा.

काही घरांना बॅटरी लागतच नाही. बंगल्याची हिरवळ प्लगपासून पंधरा-वीस मीटरच्या आत असेल तर वायरचे इलेक्ट्रिक यंत्र घ्या. ते निम्म्या किमतीत येते, ताकद जास्त आणि बॅटरी बदलायची भानगड नाही. फक्त त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवाच, कारण ओल्या गवतात वायर कापली गेली तर जीवावर बेतते. आणि एकरभर आंबा-काजूची बेणणी असेल, घाणेरी आणि रानमोडीची जाळी असतील, तर पेट्रोलच्या यंत्राला आणि लोखंडी पात्याला आज तरी घरगुती बॅटरीचा पर्याय नाही. शेतीसाठी घेणाऱ्यांनी आधी महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर यंत्रांची यादी पाहावी. यादीत यंत्र असेल तर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करा, आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

दुकानात विचारायचे

जाहिरातीतली किंमत एकदम कमी दिसली तर ती 'नुसत्या बॉडीची' आहे का हे विचारा. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतील आणि बिल तिप्पट होईल. एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्या बॅटऱ्याही एकमेकांना बसतीलच असे नाही. बॉशच्या घरगुती हिरव्या यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्या व्यावसायिक निळ्या यंत्रांना बसत नाही. घरात आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीचे ड्रिल असेल तर ते घेऊनच दुकानात जा आणि त्याची बॅटरी कटरला लावून पाहा. बसली तर तुमचे निम्मे पैसे वाचले.

मोटर ब्रशलेस आहे का, हेही विचारा. कार्बन ब्रशच्या मोटरीपेक्षा ती तेवढ्याच बॅटरीत जास्त वेळ चालते आणि कमी तापते. वॉरंटी यंत्राची किती आणि बॅटरीची किती हे वेगवेगळे लिहून घ्या. यंत्राला वर्ष आणि बॅटरीला सहा महिने, असा फरक अनेकदा छोट्या अक्षरांत असतो. लिथियमच्या सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर मानकाचा क्रमांक आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. 'बीआयएस केअर' या मोफत ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. क्रमांकच नसेल तर ती बॅटरी घरात चार्जिंगला लावण्याच्या लायकीची नाही. आणि पक्के बिल घ्या, त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक लिहायला सांगा.

यंत्रासोबत गॉगल आणि गमबूट यांचे पैसे धरा, हजारभर रुपये पुरतात. दोरीने उडालेला खडा डोळ्यावर येतो, खिडकीच्या काचेवर येतो. दोरी बदलताना किंवा अडकलेले गवत काढताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. पेट्रोलचे यंत्र बंद असल्याचे आवाजावरून कळते. हे मात्र गप्प असते आणि बटणाला धक्का लागला की फिरते.

अमेरिकेतून येणारी मुले-भाचवंडे हौसेने असा संच आणतात. तिथले बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टवर चालतात, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावले की जळतात. चार्जरच्या पाठीवर 'इनपुट' पुढे १००-२४० लिहिले असेल तरच तो इथे चालेल. नसेल तर त्यांना सांगा, यंत्र आणि बॅटरी आणा, चार्जर इथे त्याच मालिकेचा घेऊ. विमानात यंत्र चेक-इन सामानात जाते, सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. त्याहून मोठीला विमान कंपनीला आधी विचारावे लागते आणि १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही.

बॅटरी जास्त वर्षे चालावी म्हणून

उष्णता हा तिचा शत्रू. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेली बॅटरी न वापरताच झिजते. काम संपल्यावर ती हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास सावलीत ठेवून मगच चार्जरला लावा. चांगला चार्जर गरम बॅटरी स्वतःच घेत नाही, दिवा लुकलुकत ठेवतो, त्यात बिघाड समजू नका. स्वस्त पिनेच्या चार्जरवर बॅटरी रात्रभर लावून झोपू नका, आणि गादीवर, लाकडी फळीवर कधीच नको.

चार-पाच महिने यंत्र लागणार नसेल तर लिथियमची बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. पूर्ण भरून ठेवली तर लवकर झिजते, पूर्ण उतरवून ठेवली तर मरते. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात मात्र बहुधा शिशाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी असते आणि तिचा नियम नेमका उलटा आहे. ती कायम पूर्ण भरलेली हवी, दर महिन्याला एकदा चार्जिंगला लावायला हवी. हंगाम संपल्यावर पंप तसाच कोपऱ्यात ठेवला की पुढच्या वर्षी ती पाणीही ढकलत नाही. ती अडीच किलोची बॅटरी आणि सहाशे ग्रॅमची लिथियमची, दोघींत साधारण सारखेच काम भरलेले असते. शिशाची मात्र सात-आठशे ते हजार रुपयांत बदलून मिळते. पंप सतत पाठीवर वागवायचा नसेल तर तीच परवडते.

बॅटरी वॉरंटीत गेली आणि दुकानदार 'कंपनीकडे पाठवा' म्हणून टोलवत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येते. त्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, वस्तू ऑनलाइन कुठूनही मागवलेली असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. त्यासाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा.

संपलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ती गाडीत दबली की पेट घेते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यात मिसळण्यास मनाई आहे. जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे, तेव्हा ज्या दुकानातून घेतली तिथे आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात आधी विचारा. नेईपर्यंत तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. फुगलेली, चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी मात्र घरात ठेवू नका. ती पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी, घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि त्याच आठवड्यात नेऊन द्या.